तंजावरचे अर्ज

तंजावर हे नाव उच्चारले, की मराठी माणसाच्या मनात काही चित्रे ठरल्याप्रमाणे उभी राहतात. बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर, सरस्वती महालातील पोथ्या, मोडी कागदांची गाठोडी, आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठी स्थापन केलेली, पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकलेली ती दूरची मराठी गादी. या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, तो इतका शोभिवंत नाही. तो विषय आहे अर्जांचा.

हाती कायदा करण्याची सत्ता नाही, परंतु दुसऱ्याने केलेल्या कायद्यावर मात्र आपले सारे जीवन अवलंबून आहे, अशी अवस्था आपल्याकडील प्रत्येक नगराची असते. नगरपालिका रस्ते झाडते, दिवे लावते, पाणी पुरवते. पण कर कोणता बसवावा, कर्ज किती काढावे, नदीचे पाणी कोणाला किती मिळावे, हे ठरते राजधानीत. म्हणून दरवर्षी नगराच्या कारभाऱ्यांना एकत्र बसून एक प्रश्न सोडवावा लागतो : यंदा वरच्या सरकारकडे मागावयाचे काय, आणि त्यांत पहिले कोणते? हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. दहा गोष्टी एकदम मागणाऱ्याला बहुधा एकही मिळत नाही, आणि एकच मागणाऱ्याला ती चुकीची निवडल्याचा पश्चात्ताप जन्मभर पुरतो. ही विद्या तंजावराने शिकली, ती कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर अडीचशे वर्षे ठेचा खाऊन. त्या ठेचांचा हा इतिहास आहे.

प्रारंभ तुळजाजीराजांपासून करू. १७६३ साली ते गादीवर आले. तेव्हा कर्नाटकच्या राजकारणात अर्काटचा नबाब महंमद अली हा इंग्रजांचा मित्र म्हणून मिरवत होता आणि त्याच इंग्रजांच्या कर्जात आकंठ बुडालेला होता. कर्ज फेडावयाचे तर पैसा हवा, आणि पैसा होता तंजावरच्या भातखाचरांत. १७७३ साली कंपनीच्या फौजेच्या साह्याने नबाबाने तंजावर घेतले आणि राजाला कैद केले. ज्या सावकारांचे पैसे नबाबाकडे अडकले होते, त्यांत मद्रासेतील कंपनीचेच नोकर होते, हे सांगितले म्हणजे या स्वारीचा खरा हेतू वेगळा उलगडून दाखवावा लागत नाही.

पुढे लंडनहून कंपनीच्या संचालकांची आज्ञा आली आणि १७७६ च्या एप्रिलमध्ये मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवले. त्याची किंमत पिगटला मोजावी लागली. त्याच्याच कौन्सिलातील विरोधकांनी त्याला त्याच वर्षी अटकेत टाकले आणि १७७७ साली तो कैदेतच मरण पावला. एका राजाला त्याचे राज्य परत दिले, म्हणून देणारा गव्हर्नर बंदिवासात मरतो, ही गोष्ट तंजावर दरबाराच्या मनावर केवढी बिंबली असेल! आपले भवितव्य मद्रासेत ठरत नाही, ते लंडनमध्ये ठरते, हे तुळजाजींनी ओळखले. तिकडे नबाबाचा पैसा आधीच पोहोचलेला होता. पार्लमेंटात त्याची तरफदारी करणारे सभासद होते. तेव्हा तुळजाजींनीही आपला मुखत्यार नेमला. त्याचे नाव विल्यम बर्क. प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांचा हा निकटचा स्नेही व आप्त. पिगटच्या प्रकरणानंतर तो हिंदुस्थानात आला आणि तंजावरच्या राजाचा मुखत्यार होऊन इंग्लंडला परतला. १७७९ साली या दोघा बर्कांच्या लेखणीतून तंजावरच्या बाजूने एक पुस्तिका निघाली. अर्काटच्या नबाबाच्या कर्जांवर एडमंड बर्क यांनी १७८५ च्या फेब्रुवारीत पार्लमेंटात जे भाषण केले, ते आजही इंग्रजी वक्तृत्वाचा नमुना म्हणून वाचले जाते. त्या भाषणामागेही तंजावरची ही वेदना होती.

त्याआधी १७८४ साली पिटचा जो इंडिया कायदा झाला, त्यात नबाब व तंजावरचा राजा यांच्या परस्पर हक्कांचा व देण्याघेण्याचा निकाल लावण्याविषयी कलम घातले गेले. कावेरीकाठच्या एका मराठी राजाचे गाऱ्हाणे इंग्लंडच्या कायद्यात शब्दरूपाने उतरले. याला यश म्हणावयाचे काय? काही अंशी होय. परंतु ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की तो सारा वाद राजाच्या हक्काचा व नबाबाच्या कर्जाचा होता. ज्या रयतेच्या घामातून ते कर्ज फिटावयाचे, तिचे नाव त्या हिशेबात एक रक्कम म्हणूनच आले. अर्ज कोणाच्या वतीने करावयाचा, हा पहिला प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला सरफोजीराजांच्या काळी, आणि तोही राज्य हातचे गेल्यावर. तुळजाजींनी १७८७ साली मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतले होते. त्या दत्तकाला आक्षेप घेतला गेला, पंडितांची मते मागवली गेली, आणि गादी तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांना मिळाली. नंतर पुन्हा पंडितांची मते घेतली गेली, ती उलट पडली, आणि १७९८ साली सरफोजी राजे झाले. मधल्या काळात त्यांचे पालनपोषण व शिक्षण यांची काळजी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने वाहिली होती, आणि त्यांच्या बाजूने कंपनीकडे लिहिणाऱ्यांतही तोच प्रमुख होता. गादी मिळाली खरी, पण २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावर प्रांताचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला व राजवाडा, वर्षाला एक लक्ष होन, आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा.

सत्ता गेलेला माणूस सामान्यतः काय मागतो? मानमरातब मागतो, तोफांच्या सलामीची संख्या मागतो, नेमणूक वाढवून मागतो. संस्थानिकांच्या दप्तरांत असल्या पत्रव्यवहाराला तोटा नाही. सरफोजींनी तसे काही मागितलेच नसेल असे मी म्हणत नाही. परंतु २८ जानेवारी १८०१ रोजी त्यांनी रेसिडेंट टोरिन यास जे पत्र धाडले, त्याचा विषय निराळा आहे. तो विषय आहे छत्रांचा. छत्र म्हणजे रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी बांधलेली अन्नछत्रे व धर्मशाळा. तंजावरच्या राजांनी ती आपल्या राण्यांच्या नावाने बांधली होती आणि त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली होती. नीडामंगलम येथील यमुनांबेचे छत्र त्यांतलेच. सरफोजींनी स्वतः ओरतनाडजवळ मुक्तांबेच्या नावाने असेच एक छत्र उभारले. मुलूख कंपनीकडे गेला, म्हणजे छत्रांना लावलेली गावेही तिच्या वसुलात जाणार, हे उघड होते.

त्या पत्राचा आशय पाहण्यासारखा आहे. छत्रात ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न मिळते. आजारी पडला तर औषधपाणी होते. कोणी तेथेच मरण पावला तर त्याच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे त्याची उत्तरक्रिया केली जाते. बाळंतिणीची व पोरक्या मुलांची काळजी घेतली जाते. मुलांना शिकवावयास शिक्षक असतात. हे सर्व राजांनी तपशिलाने मांडले आणि मागणे इतकेच केले, की हे चालू राहू द्यावे. या देणग्या सरकारजमा करू नयेत.

या मागणीत दोन गुण आहेत. पहिला, मागणारा स्वतःसाठी काही मागत नाही. छत्रात जेवणारा वाटसरू काशीचा असेल, मदुरेचा असेल. तंजावरच्या राजवाड्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा, मागणी तपशिलावर उभी आहे. छत्रात काय घडते, कोण जेवते, कोण शिकते, हे वाचल्यावर नाही म्हणणाऱ्याला आपण काय बंद करीत आहोत हे पुरते समजते. छत्रे टिकली. राजांच्या पश्चात ती सरकारकडे गेली, पुढे जिल्हा मंडळाच्या व्यवस्थेत आली, आणि त्यांच्या उत्पन्नातून शाळा व विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली. राज्य बुडाले, गादी गेली, आणि अन्नछत्र मात्र राहिले. सरफोजींनी पुष्कळ गोष्टींत दूरदृष्टी दाखवली. मागण्यांचा क्रम लावतानाही ती दाखवली.

मात्र सरफोजी एकटे होते. त्यांचा अर्ज राजाचा अर्ज होता. लोकांनी एकत्र येऊन, आपल्या नावाने, कायदा करणाऱ्याकडे मागणे करावयाचे, ही पद्धत आपल्याकडे रूढ झाली ती १८५२ पासून. पुढल्या वर्षी कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण व्हावयाचे होते. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींनी बॉम्बे असोसिएशन काढली. त्याच वर्षी मद्रासेत गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांनी मद्रास नेटिव्ह असोसिएशन स्थापन केली. दोन्ही संस्थांनी पार्लमेंटाकडे अर्ज पाठवले. मद्रासच्या अर्जात जमिनीचा जबर सारा, रस्त्यांची व पाटबंधाऱ्यांची हेळसांड, शिक्षणाची उपेक्षा, न्यायाची दिरंगाई अशा कितीतरी तक्रारी होत्या. त्यांत एक तक्रार अशी होती, की सारावसुलीसाठी रयतेचा शारीरिक छळ केला जातो.

पुढे काय झाले पाहा. १८५३ साली डॅन्बी सीमोर नावाचे पार्लमेंटचे सभासद मद्रास इलाख्यात आले, आणि लक्ष्मीनरसूंनी त्यांना गावोगाव हिंडवून रयतेचे हाल प्रत्यक्ष दाखवले. १८५४ साली पार्लमेंटात चर्चा झाली, चौकशी आयोग नेमला गेला, आणि १८५५ साली त्याने छळाची गोष्ट खरी असल्याचा अहवाल दिला. इतर तक्रारी मागे पडल्या आणि ही एक पुढे गेली. ती सर्वांत मोठी होती असे नाही. साऱ्याचा प्रश्न तिच्याहून व्यापक होता. परंतु ही तक्रार डोळ्यांनी दाखवता येण्याजोगी होती, आणि ऐकणाऱ्याला तिच्यावर मौन पाळणे लाजिरवाणे होते. मागण्यांचा क्रम लावणाऱ्यांनी ही दुसरी खूण मनाशी बांधून ठेवावी.

त्या आयोगाचे एक सभासद होते मद्रासचे बॅरिस्टर जॉन ब्रूस नॉर्टन. लवकरच त्यांचा संबंध प्रत्यक्ष तंजावरशी आला. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारले. त्यांना पुत्र नव्हता. राण्या होत्या, मुली होत्या. रेसिडेंट फोर्ब्स याने मुलीचा वारसा मान्य करावा अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. डलहौसीचे ते दिवस. सातारा १८४८ साली गेले होते, नागपूर १८५४ साली गेले होते. तंजावरचे राज्य तर १७९९ सालीच गेलेले. आता उरलेली पदवी व नेमणूकही खालसा झाली. इतक्यावर भागले नाही. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये शिपाई घेऊन फोर्ब्सने राजवाड्याचा ताबा घेतला आणि राजघराण्याच्या खाजगी चीजवस्तूंसह सर्व मालमत्तेवर मोहरा ठोकल्या.

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर फिर्याद गुदरली. राज्य मागितले नाही, पदवी मागितली नाही. पतीची खाजगी मालमत्ता विधवेला मिळावी, एवढेच मागितले. नॉर्टन त्यांच्या बाजूने उभे राहिले. मद्रासच्या न्यायालयाने निकाल राणीच्या बाजूने दिला. कंपनी प्रिव्ही कौन्सिलात गेली. मधल्या काळात १८५७ चा उठाव झाला आणि कंपनीचे राज्यही संपले. २७ जुलै १८५९ रोजी लॉर्ड किंग्जडाऊन यांनी निकाल सांगितला. सरकारने सार्वभौम सत्ता या नात्याने केलेली ही राज्यकृती होय, ती न्याय्य होती की अन्याय्य, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, असे त्या निकालाचे सार आहे. राणी हरल्या. हा निकाल पुढे साम्राज्यभर आधार म्हणून दाखवला जाऊ लागला, आणि कायद्याचे विद्यार्थी आजही तो वाचतात. एका मराठी विधवेचे नाव अशा रीतीने जगाच्या कायदेग्रंथांत शिरले, पण ते पराभूत पक्ष म्हणून.

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर उरले ते विनंतीचे दार. मद्रासच्या न्यायालयाने दिलेला कौल आणि प्रकरणाचा झालेला बोभाटा यांचा परिणाम सरकारवर झाल्यावाचून राहिला नाही. १८६२ साली हिंदुस्थान सरकारने ती खाजगी मालमत्ता राण्यांना परत देण्याचा हुकूम काढला. जे हक्क म्हणून नाकारले, ते मेहेरबानी म्हणून दिले. मालमत्ता मिळाली, हे खरे. परंतु हक्क आणि मेहेरबानी यांतले अंतर ज्याने त्या राजवाड्यात बसून मोजले असेल, त्याला हे समजले असेल, की ज्या दिवशी कायदा करणाऱ्यांच्या सभेत आपला माणूस बसेल, त्या दिवशीच हे अंतर मिटेल.

तो दिवस हळूहळू उजाडला. मद्रास सरकारच्या १८६५ च्या नगरसुधारणा कायद्यान्वये १८६६ साली तंजावरला नगरपालिका स्थापन झाली. प्रारंभी तिला नगराची म्हणण्याजोगे तिच्यात थोडेच होते. सभासद सरकारनियुक्त, अध्यक्षस्थानी कलेक्टर, आणि पोलिसांच्या खर्चाचा मोठा वाटा नगराच्या माथी. पोलिसांच्या खर्चाचा हा बोजा १८७१ च्या कायद्याने उतरला. १८८४ चा कायदा आला तो लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणानंतर. त्याने लोकनियुक्त सभासदांना बहुमत व निवडलेला अध्यक्ष यांची वाट मोकळी केली. तरीही अंदाजपत्रकाला मंजुरी सरकारची, नव्या कराला संमती सरकारची, पाणीयोजनेच्या कर्जाला परवानगी सरकारची. सभेने ठराव करावा, तो कलेक्टरमार्फत मद्रासला जावा, आणि तेथून उत्तर येईतो पुढील वर्षाचे अंदाजपत्रक उभे राहावे, असा हा क्रम होता. अशा व्यवस्थेत ठरावांना एक वाईट सवय जडते. सभासद आपापल्या आळीची एकेक मागणी आणतो, कोणालाही नाही म्हणणे जड जाते, यादी लांबते, आणि लांब यादी वाचणारा अधिकारी तिच्यातले सर्वांत स्वस्त तेवढे देऊन मोकळा होतो.

या दुखण्यावर उपाय सुचला तो मोठ्या सभांमध्ये, आणि त्यात आपल्याकडील व तंजावरकडील मराठी माणसांचा वाटा आहे. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तिचे प्राण. या सभेने नियम असा केला, की ज्याला निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र असेल, त्यानेच सभासद व्हावे. म्हणजे बोलणारा स्वतःच्या वतीने बोलतो की लोकांच्या, हा प्रश्न दारातच निकालात निघाला. अशा सभेने १८७५ साली हिंदी लोकांचे प्रतिनिधी पार्लमेंटात घ्यावेत असा अर्ज इंग्लंडला धाडला. तो मान्य झाला नाही, पण तो करण्याचा अधिकार सभेला होता, हे कोणाला नाकारता आले नाही.

१८८५ साली मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तंजावरहून वकील एस. ए. स्वामिनाथ अय्यर तेथे हजर होते. तिसरे अधिवेशन १८८७ साली मद्रासेत झाले. अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी, आणि स्वागत समितीचे अध्यक्ष राजा सर टी. माधवराव. हे माधवराव तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमचे, १८२८ साली जन्मलेले, घराणे देशस्थ मराठी. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषवले होते. या अधिवेशनात एक गोष्ट प्रथमच घडली. सभेपुढे कोणते ठराव आणावयाचे व कोणत्या क्रमाने, हे ठरविण्यासाठी प्रतिनिधींची स्वतंत्र समिती निवडली गेली. हीच पुढे विषय नियामक समिती या नावाने प्रसिद्ध झाली. आज कोणत्याही साहित्य संमेलनात वा सहकारी संस्थेत विषय नियामक समिती बसते, तेव्हा ती किती कष्टाने शिकलेल्या शहाणपणाची वारस आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. हजार माणसे मिळून मागणी करू शकतात, पण तिचा क्रम ती हजार मिळून लावू शकत नाहीत. आणि थोड्यांनी क्रम लावावयाचा तर ते थोडे निवडलेले असावेत. एवढाच तो विचार, पण त्यावाचून अर्जाचा ठराव होत नाही, केवळ गलका होतो.

१८९२ च्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे पडले. प्रांतिक कायदेमंडळांतील काही जागांसाठी नगरपालिकांनी व जिल्हा मंडळांनी नावे सुचवावीत असे ठरले. कायद्याने या निवडीला शिफारस म्हटले होते, पण व्यवहारात ती निवडणूकच झाली. मुंबई इलाख्यात लोकमान्य टिळक १८९५ साली कायदेमंडळात गेले ते अशा स्थानिक मंडळांच्याच मतांवर. मद्रास इलाख्यातील नगरपालिकांनाही हाच मार्ग खुला झाला. जी पालिका कालपर्यंत कलेक्टरमार्फत कागद पाठवीत होती, तिने निवडलेला माणूस आता सभागृहात उभा राहून प्रश्न विचारू लागला. अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार त्याला नव्हता. परंतु प्रश्न विचारता येणे हे अर्ज करण्यापेक्षा फार वेगळे असते. अर्ज दप्तरी दाखल करता येतो, प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

विसाव्या शतकातील तंजावरचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर दोन मागण्या ठळकपणे दिसतात. एक ग्रंथालयाची, दुसरी पाण्याची. सरस्वती महालाचा संग्रह राजघराण्याच्या ताब्यात होता. तंजावरचे न्यायाधीश बर्नेल यांनी त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० साली प्रसिद्ध केली आणि युरोपच्या पंडितांना या धनाचा पत्ता लागला. १९१८ साली राजघराण्यातील मंडळींनी हा संग्रह आणि त्यासोबत एक लक्ष रुपयांची देणगी लोकांच्या स्वाधीन केली, आणि ग्रंथालय सार्वजनिक झाले. ज्या मालमत्तेसाठी कामाक्षीबाई प्रिव्ही कौन्सिलापर्यंत झगडल्या, तिच्यातील हा सर्वांत मोलाचा भाग त्यांच्या वारसांनी आपण होऊन सोडला. १९८३ साली या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. राणीला कायद्याने जे नाकारले होते, त्याच ठेव्याला पुढे असा मान मिळाला. सरफोजींच्या छत्रांची गोष्ट येथे पुन्हा आठवते : जे सर्वांचे झाले, तेच टिकले.

पाण्याची मागणी याहून जुनी व याहून कडवट आहे. कावेरीच्या पाण्याविषयी मद्रास व म्हैसूर यांच्यात १८९२ व १९२४ साली करार झाले. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाले. तंजावरची शेती या पाण्यावर, आणि नगराची बाजारपेठ त्या शेतीवर. शेतीच्याच प्रश्नावर १९५२ साली राजाजींच्या मंत्रिमंडळाने तंजावरची कुळे व पन्नैयाळ म्हणजे सालदार मजूर यांना संरक्षण देणारा कायदा केला. एका जिल्ह्याच्या नावाने झालेला हा कायदा नगराच्या सभागृहातून निघाला नव्हता; तो खाचरांत राबणाऱ्यांच्या असंतोषातून निघाला होता. मागण्यांचा क्रम लावणाऱ्या नगरातील वकील व मिराशी मंडळींनी ही मागणी कधी अग्रक्रमाने मांडली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. कारण सभेत जो बसलेला नसतो, त्याची मागणी यादीच्या तळाशी जाते; आणि तळाशी गेलेली मागणी केव्हा तरी रस्त्यावर येते. पुढे कावेरी खोऱ्यातील शेतकऱ्यांची एक संघटना १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १९९० साली कावेरी लवाद नेमला गेला. २०२० साली तमिळनाडूच्या विधानसभेने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित शेती क्षेत्र ठरवणारा कायदा केला. त्यात तंजावर जिल्हा आहे.

आता तंजावर महानगरपालिका आहे. २०१४ साली नगराला तो दर्जा मिळाला. त्याआधी चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले, अठरा विषयांची अनुसूची जोडली गेली, आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन आले. म्हणजे नगराने मागावे आणि राज्याने ऐकावे, यासाठी आता घटनेनेच एक दार ठेवले आहे. परंतु दार उघडे असले, तरी आत जाऊन प्रथम काय बोलावे, हे घटना सांगत नाही. ते नगरालाच ठरवावे लागते, आणि ही गोष्ट तंजावरला लागू आहे तशी साताऱ्याला, सांगलीला, नाशिकलाही लागू आहे.

त्या ठरवण्यासाठी या इतिहासातून काही निष्पन्न होत असेल, तर ते मला असे दिसते. तुळजाजींचा मुखत्यार चतुर होता, पण त्याच्या मागणीत रयत नव्हती. कामाक्षीबाईंची मागणी न्याय्य होती, पण जेथे ती गेली तेथे निकाल देण्याचा अधिकारच नव्हता. मद्रासच्या असोसिएशनची एकच तक्रार पुढे गेली, कारण तिचा पुरावा डोळ्यांसमोर होता. सरफोजींचे मागणे मान्य झाले, कारण ते अनोळखी वाटसरूसाठी होते. आणि कुळांची मागणी वर्षानुवर्षे यादीत आलीच नाही, कारण यादी करणाऱ्यांत कुळे नव्हती. तेव्हा कोणाच्या वतीने मागतो, कोणाकडे मागतो, कोणत्या पुराव्यावर मागतो, आणि यादी करताना कोण बाहेर राहिले, हे चार प्रश्न ज्या सभागृहात दरवर्षी विचारले जातील, तेथील ठराव निदान वाचले तरी जातील.

बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. तंजावरला जाणारा मराठी प्रवासी तो शिलालेख अभिमानाने पाहतो, आणि पाहावाच. परंतु वेळ मिळाला तर त्याने ओरतनाडच्या वाटेने जाऊन मुक्तांबेचे छत्रही पाहून यावे. भिंतीवर राजाने आपल्या पूर्वजांची कीर्ती लिहून ठेवली. त्याच सुमारास लिहिलेल्या एका अर्जात त्याने उपाशी वाटसरूंसाठी चार गावे मागून घेतली. या दोन लेखांपैकी राजाची थोरवी कोणत्यात अधिक आहे, याचा निर्णय मी आपणांवरच सोपवितो.